व्हर्च्युअल पियानोचा आवाज जुळवण्याचा योग्य क्रम

संगणकावर पियानोचे सॉफ्टवेअर बसवले की बहुतेकजण पहिल्याच दिवशी रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि इक्वलायझर (आवाजातील खालच्या-वरच्या भागांचे प्रमाण बदलणारे साधन) यांना हात घालतात. आवाज कर्कश वाटतो म्हणून ट्रेबल कमी होतो, मग आवाज कोंदट झाला म्हणून रिव्हर्ब वाढतो, आणि आठवडाभराने मूळ प्रीसेटपेक्षाही, म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर तयार मिळालेल्या मांडणीपेक्षाही, वाईट आवाज हाती येतो. दोष सहसा या बटणांत नसतोच. बोटांचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत चुकीच्या आकड्यांत पोहोचत असतो, किंवा ऐकण्याची पातळी ठरवण्याआधीच बाकीचे सारे ठरवलेले असते.

म्हणून खालील क्रम मोडू नये. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा पाया आहे. चौथा टप्पा बदलला तर सातवा पुन्हा करावा लागतो, सातवा बदलल्याने चौथ्याला मात्र धक्का लागत नाही. उदाहरणांसाठी पियानोटेक हे सॉफ्टवेअर घेतले आहे, कारण ते ध्वनिमुद्रित नमुने न वाजवता तार, हातोडी आणि ध्वनिफलक यांचे गणित मांडून आवाज तयार करते, आणि त्यामुळे त्यातला जवळजवळ प्रत्येक घटक बदलता येतो. नमुन्यांवर चालणाऱ्या, म्हणजे सॅम्पल वापरणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हाच क्रम लागू पडतो. जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

पूर्वतयारी

एक वही जवळ ठेवावी आणि कोणतेही बटण फिरवण्यापूर्वी त्याचा मूळ आकडा लिहून घ्यावा. हे कंटाळवाणे वाटते, परंतु तासाभराने ‘मघाचा आवाजच बरा होता’ असे वाटले की त्या मघाच्या आवाजाकडे परतण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नसतो.

हेडफोन तारेचा असावा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये पट्टी दाबणे आणि आवाज ऐकू येणे यांत सहज १०० ते २०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. सॉफ्टवेअरमधील कोणत्याही सेटिंगने ते भरून निघत नाही. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर चालताना तो प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि वाजवताना आवाज तडतडतो. ब्राउझर बंद करावा आणि वायफायही तात्पुरते बंद ठेवावे. विंडोजच्या ध्वनिविषयक पानावर ‘ऑडिओ एनहान्समेंट’ चालू असेल तर ते बंद करावे. ते चालू राहिले तर आपण जुळवलेल्या आवाजावर संगणक आपला वेगळा हात फिरवत राहतो.

की-बोर्डवर स्पर्शाची सेटिंग असते: सॉफ्ट, मीडियम, हार्ड, फिक्स्ड. ती मीडियम किंवा नॉर्मलवर आणून तेथेच सोडावी. फिक्स्डवर राहिली तर पट्टी कशीही दाबली तरी एकच आकडा जातो, आणि सॉफ्टवेअर निर्जीव आहे असा गैरसमज होतो.

सावधान: पियानोटेकच्या चाचणी आवृत्तीत काही स्वर मुद्दाम बंद ठेवलेले असतात आणि २० मिनिटांनी आवाज थांबतो. काही पट्ट्या मुक्या वाटल्या म्हणून की-बोर्ड दुरुस्तीला नेण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

१. जोडणी आणि ऑडिओ ड्रायव्हर

डिजिटल पियानोला बहुधा दोन यूएसबी छिद्रे असतात. चपटे छिद्र पेनड्राइव्हसाठी असते. संगणकाला जोडायचे ते चौकोनी, ज्यावर ‘टू होस्ट’ असे लिहिलेले असते. जुन्या की-बोर्डवर पाच पिनांची मिडी केबल लागते. (मिडी म्हणजे पट्ट्या आणि पेडल यांच्या हालचाली आकड्यांत पाठवण्याची पद्धत.) ती जोडल्यावर पट्टी दाबूनही सॉफ्टवेअरमधला मिडीचा दिवा लुकलुकला नाही, तर दोन्ही टोकांची अदलाबदल करून पाहावी.

त्यानंतर सॉफ्टवेअरच्या ऑप्शन्समधील डिव्हायसेस या पानावर ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा आवाज बाहेर पोहोचवणारा प्रोग्राम, निवडावा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस (आवाजासाठी बाहेरून जोडायचे वेगळे उपकरण) असेल तर त्याच्या निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर घ्यावा. इंटरफेस नसेल तर वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एएसआयओ-फॉर-ऑल चालतो. डायरेक्टसाउंड निवडू नये, त्यात विलंब जास्त असतो. मॅकवर कोअर ऑडिओ आपोआप निवडला जातो आणि तेथे वेगळे काही करावे लागत नाही.

डिजिटल पियानोला स्वतःचा आवाज असेल तर त्यातील ‘लोकल कंट्रोल’ बंद करावे. ते चालू राहिले की एकाच पट्टीचे दोन आवाज किंचित मागेपुढे ऐकू येतात आणि स्वर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. पियानोचा व्हॉल्यूम शून्यावर आणणे हा यावरचा खरा उपाय नव्हे, कारण संगणकाचा आवाज परत त्याच पियानोच्या स्पीकरमधून ऐकायचा असेल तर तोही त्याबरोबर बंद होतो. अनेक वाद्यांत ही सेटिंग वाद्य बंद करून पुन्हा चालू केल्यावर पूर्ववत होते, म्हणून दर बैठकीच्या सुरुवातीला ती तपासावी.

तपासणी: एकच पट्टी तुटक वाजवावी. आवाज एकदाच आला तर पुढे जावे.

२. बफर आणि विलंब

बफर म्हणजे संगणक एका वेळी किती नमुने तयार करून पुढे पाठवतो तो आकडा. येथे नमुना म्हणजे ध्वनिमुद्रित स्वर नव्हे, तर ध्वनिलहरीचे एका क्षणाचे मोजमाप. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने असताना, १२८ नमुन्यांना सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. त्यात ड्रायव्हर आणि केबल यांचा थोडा विलंब मिळवावा लागतो. तुलनेसाठी सांगायचे तर ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५६ चा बफर हा स्पीकर पावणेदोन-दोन मीटर दूर ठेवल्यासारखा आहे आणि त्याने वादनात अडथळा येत नाही. १०२४ वर मात्र बोट आणि कान यांची फारकत स्पष्ट जाणवते, आणि वादक नकळत पट्ट्या जोरात आपटू लागतो. हे आपटणे पुढे चौथ्या टप्प्यात आकडे बिघडवते, म्हणून बफर आधी ठरवायचा.

२५६ पासून सुरुवात करावी. पेडल दाबून ठेवून खर्जापासून तारसप्तकापर्यंत दोन्ही हातांनी भराभर स्वर वाजवावेत. तडतड झाली नाही तर १२८ करून पाहावे, झाली तर ५१२ वर जावे. गणितावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तडतड प्रोसेसरमुळे होते, तेव्हा पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, कमी करावी. सॅम्पलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती बहुतेकदा डिस्कमुळे होते. ध्वनिमुद्रित नमुने फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवावेत.

३. ऐकण्याची पातळी

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो.

प्रथम सॉफ्टवेअरमध्ये लिमिटर (ठरावीक मर्यादेवरचा आवाज आपोआप दाबणारी सोय) असेल तर तो बंद करावा, नाहीतर आवाज कोठे फाटतो हे कळत नाही. मग पेडल दाबून, दोन्ही हातांनी, खर्जातील भरगच्च स्वरमेळ जितके जोरात वाजवता येतील तितके वाजवावेत आणि मीटरवर नजर ठेवावी. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम ठेवावा. त्यानंतर सॉफ्टवेअरमधील हे बटण विसरून जावे, आणि कानाला हवी तेवढी पातळी इंटरफेसवर, हेडफोनच्या बटणावर किंवा स्पीकरवर ठरवावी.

कानासाठीची पातळी किती असावी? खोलीत खरा पियानो असता तर जोरकस वादनाने समोरच्या माणसाशी बोलणे अशक्य झाले असते, एवढी ती मोठी असते. फ्लॅटमध्ये तेवढे शक्य नाही आणि कानांसाठीही दीर्घकाळ योग्य नाही. परंतु जी पातळी रोजच्या रियाजाला वापरणार, तीच आता ठेवायची आणि त्या जागी बटणावर खूण करायची.

याचे कारण मी स्वतः चुकून शिकलो. घरातली माणसे झोपलेली असताना मी हेडफोनचा आवाज अगदी बारीक ठेवून स्पर्शाची वक्ररेषा, म्हणजे बोटांचा जोर आणि आवाज यांचे नाते ठरवणारी रेषा (ती पुढच्या टप्प्यात येते), जुळवली होती. आवाज कमी असल्यामुळे बोटे आपोआप अधिक जोर लावत होती, आणि त्या जोरालाच मध्यम समजून मी रेषा आखली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीवर तीच रेषा लावून एक साधी चाल वाजवली, तेव्हा डाव्या हाताच्या साथीतून एकही स्वर धड ऐकू येईना आणि उजव्या हाताचा प्रत्येक स्वर चाचपडत निघू लागला. पातळी बदलली की बोटे बदलतात. रेषा जुळवताना पातळी स्थिर असलीच पाहिजे.

४. व्हेलॉसिटी: बोटांचा दाब आणि आवाज यांचे नाते

पट्टी किती वेगाने खाली गेली ते की-बोर्ड १ ते १२७ मधील एका आकड्याने कळवतो. तो ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे दाबाचा नव्हे, वेगाचा आकडा असतो, आणि प्रत्येक की-बोर्डची त्याविषयीची समज वेगळी असते. हलक्या पट्ट्यांचा की-बोर्ड साध्या स्पर्शालाही ९० ते १०० देतो. वजनदार पट्ट्यांच्या काही की-बोर्डवर पूर्ण ताकद लावूनही ११० च्या वर आकडा जात नाही. पियानोचे सॉफ्टवेअर या आकड्यावर केवळ आवाजाची मोठी-लहान पातळी ठरवत नाही, तर नादही ठरवते: लहान आकड्याला मऊ हातोडीचा नाद, मोठ्या आकड्याला कडक, धातूची छटा असलेला नाद. म्हणूनच ‘आवाज कर्कश आहे’ या तक्रारीचे मूळ दहांपैकी बहुतेक वेळा येथे सापडते. वादक मध्यम वाजवत असतो, सॉफ्टवेअरला मात्र तो सतत १०० च्या वर वाजवत आहे असे कळत असते. अशा वेळी ट्रेबल कमी करणे म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडासमोर उशी धरणे. ओरडणे त्याने थांबत नाही.

प्रथम आकडे मोजावेत. मिडीचे आकडे दाखवणारे पान किंवा एखादे मिडी मॉनिटर उघडावे आणि वहीत तीन रकाने आखावेत: अगदी हळू, सहज, आणि जोरात. मधल्या सप्तकातील एकच पट्टी प्रत्येक प्रकारे दहा वेळा वाजवून आकडे लिहावेत. मग तेच खर्जात, तारसप्तकात आणि काळ्या पट्ट्यांवर करावे. काळ्या पट्ट्या आखूड असल्यामुळे बोट पट्टीच्या कोठल्या भागावर पडते यानुसार आकडा बदलतो, आणि एकट्या मधल्या सप्तकावर विसंबणाऱ्यांना पुढे ‘कोमल स्वर उठून का येतात’ हा प्रश्न पडतो.

माझ्या अनुभवात सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचणारे आकडे साधारण असे असावेत: अगदी हळू वाजवताना २० ते ३०, सहज वाजवताना ६० ते ७५, जोरात वाजवताना १०० ते ११०, आणि फक्त मुद्दाम केलेल्या आघाताला १२० च्या वर.

आता वक्ररेषेकडे यावे. आडव्या अक्षावर की-बोर्डने पाठवलेला आकडा असतो, उभ्या अक्षावर सॉफ्टवेअर तो कोणता समजते ते. सरळ तिरकी रेषा म्हणजे काहीही बदल नाही. सहज वादनाला आकडे मोठे येत असतील तर रेषा मध्यभागी खाली ओढावी; लहान येत असतील तर वर उचलावी. पियानोटेकमध्ये की-बोर्ड कॅलिब्रेशनची सोय आहे, ती हळू, मध्यम व जोरात वाजवायला सांगून रेषा स्वतः आखते. तिने सुरुवात करावी, पण तिच्यावर थांबू नये; तिने सांगितल्यावर आपण नेहमीसारखे न वाजवता काळजीपूर्वक वाजवतो, म्हणून परिचयाची एखादी चाल पाच मिनिटे वाजवून मगच रेषा हाताने सुधारावी.

रेषेवर तीन किंवा चारच बिंदू ठेवावेत. बिंदू जास्त झाले की रेषेत गुडघे येतात, आणि अशा एका गुडघ्यावर बोट पडले की स्वर अचानक उडी मारतो. सॅम्पलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही उडी दुसऱ्या कारणानेही येते: एका थरातील नमुना संपून दुसऱ्याचा सुरू होतो तेथे नाद बदलतो. ती उडी रेषेने नाहीशी होत नाही, मात्र रोजच्या वादनाचा पट्टा त्या सीमेवर येणार नाही असे रेषेने करता येते.

रेषेजवळच ‘डायनॅमिक्स’ हे वेगळे बटण असते आणि दोन्हींची गल्लत फार होते. डायनॅमिक्स हळू आणि जोरातच्या स्वरांमधील पातळीचे अंतर कमी-जास्त करते. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून रात्री ते थोडे कमी करण्यास हरकत नाही. स्पर्श सुधारण्यासाठी मात्र ते वापरू नये.

सावधान: की-बोर्डची स्पर्श सेटिंग आणि सॉफ्टवेअरची रेषा दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. दोन अनोळखी वक्ररेषा एकावर एक चढल्या की दोष कोणाचा ते सांगता येत नाही.

तपासणी: एकाच पट्टीवर कमी जोरापासून जास्त जोरापर्यंत वीस पायऱ्यांनी चढत जावे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून किंचित मोठी आणि किंचित उजळ लागली पाहिजे.

५. पेडल

पेडलची पिन वाद्य चालू करण्यापूर्वी घालावी आणि चालू करताना पेडलवर पाय नसावा, कारण अनेक वाद्ये त्या क्षणी पेडल ज्या स्थितीत असेल ती ‘सोडलेली’ स्थिती समजतात. पाय उचलल्यावर स्वर लांबत असतील आणि दाबल्यावर तुटत असतील तर नेमके हेच झालेले असते.

की-बोर्डबरोबर मिळणारे चौकोनी छोटे पेडल बहुधा केवळ ० किंवा १२७ पाठवते. अर्धे पेडल हवे असेल तर मधले सर्व आकडे पाठवणारे पेडल लागते, आणि की-बोर्डनेही ते आकडे ओळखले पाहिजेत. मॉनिटरवर पेडल अगदी सावकाश दाबून आकडे हळूहळू चढतात का ते पाहावे. पाय नुसता टेकल्यावर ५ ते १० आकडा येत असेल तर पेडलच्या वक्ररेषेत तेवढा सुरुवातीचा भाग शून्य करावा, अन्यथा दाबल्याशिवायही स्वर एकमेकांत मिसळत राहतात.

सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकातील स्वर पट्टी सोडल्यावरही घुमत राहतात म्हणून अनेकांना सॉफ्टवेअर बिघडले असे वाटते. खऱ्या पियानोलाही त्या तारांवर डँपर, म्हणजे तारेचे कंपन थांबवणारे नमद्याचे तुकडे, नसतात. तो दोष नाही.

तपासणी: मधला सा आवाज न करता हळूच दाबून धरावा आणि त्याच्या खालच्या सप्तकातला सा तुटकपणे वाजवावा. धरलेल्या तारांतून मंद झंकार ऐकू आला तर सहकंपन, म्हणजे एका तारेमुळे दुसरी आपोआप घुमणे, चालू आहे.

६. सूर मिळवणे

एकट्याने वाजवायचे असेल तर ४४० हर्ट्झ आणि समान स्वरांतर (सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी सुरावट) ठेवून पुढे जावे. पेटीबरोबर किंवा गायकाबरोबर वाजवायचे असेल तर मात्र येथे थांबावे लागते.

पेटीचा सूर नेमका ४४० ला असेलच असे नाही. भाता एकसारखा ठेवून आणि शक्यतो एकच सूरसंच वाजेल असे करून पांढरी सहा धरावी आणि ट्यूनर अ‍ॅपवर आकडा पाहावा. दोन संच एकत्र वाजले तर त्यांच्यातील सूक्ष्म फरकामुळे काटा हलत राहतो. पेटी ४४२ दाखवत असेल तर फरक सुमारे ८ सेंटचा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), आणि लांबवलेल्या षड्जावर तो कानाला टोचतो. डायपेसन हे मूळ सूर ठरवणारे बटण तेवढे वर न्यावे.

गायकाचा सूर काळी एक असेल आणि आपल्याला पांढरी एकवरूनच वाजवायचे असेल तर ट्रान्सपोज अधिक १ करावे. काळी दोनसाठी अधिक ३, काळी पाचसाठी उणे २. हे बटण की-बोर्डवरही असते आणि सॉफ्टवेअरमध्येही. दोन्हीकडे लावले तर सूर दुप्पट सरकतो.

पियानोचे तारसप्तक किंचित चढे आणि खर्ज किंचित उतरता मिळवण्याची पद्धत आहे, ज्याला ऑक्टेव्ह स्ट्रेचिंग म्हणतात. पेटीत ते नसते. म्हणून साथीसाठी हे बटण त्याच्या किमान जागेकडे आणावे. पेटी गायकाच्या षड्जानुसार शुद्ध स्वरांत मिळवलेली असेल तर समान स्वरांतराचा पियानो गंधार-धैवतावर तिच्याशी जुळणार नाही. अशा वेळी पियानोत गंधार लांबवू नये, हाच व्यवहार्य उपाय मला वाटतो.

७. हातोडी, तार आणि वाद्याची स्थिती

पियानोटेकमध्ये यांतील बहुतेक घटक व्हॉइसिंग आणि डिझाइन या भागांत असतात, मात्र सर्वांत साध्या आवृत्तीत त्यांपैकी बरेच बदलता येत नाहीत. हातोडीचा कडकपणा हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन पातळ्यांना स्वतंत्र असतो. रियाजात कान थकत असेल तर फक्त मधला आकडा थोडा कमी करावा. जोरातचा आकडाही उतरवला की वाद्याची चमक जाते.

हातोडीचा, पट्टी सुटण्याचा आणि पेडलचा खटका हेडफोनवर स्पीकरपेक्षा फार जवळून ऐकू येतो. तो अर्ध्यावर आणावा, शून्यावर नाही. युनिसन विड्थ वाढवली की एकाच स्वराच्या तारा एकमेकींपासून सरकतात आणि जुन्या, न मिळवलेल्या पियानोचा भास होतो. कंडिशनचे बटणही त्याच दिशेने नेते.

सावधान: दोन प्रीसेटची तुलना करताना आधी त्यांची पातळी सारखी करावी. जो मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, आणि या एका भ्रमामुळे अनेक चुकीचे निर्णय घेतले जातात.

८. मायक्रोफोन, इक्वलायझर आणि रिव्हर्ब

हेडफोनसाठी बायनॉरल (दोन कानांच्या जागी मायक्रोफोन असल्यासारखी) किंवा वादकाच्या जागेवरून ऐकू येणारी मांडणी घ्यावी, ज्यात खर्ज डावीकडे असतो. मोबाइलवर ऐकवण्यासाठी ध्वनिमुद्रण करायचे असेल तर ते एकदा मोनोमध्ये ऐकावे. दूरवर पसरलेल्या मायक्रोफोनचे काही स्वर मोनोमध्ये पोकळ होतात.

इक्वलायझरची गरज क्वचित पडते. सर्वांत खालच्या पट्टीचा मूळ स्वर २७.५ हर्ट्झचा असतो आणि लॅपटॉपचा स्पीकर तो देऊच शकत नाही, म्हणून तेथे बास वाढवल्याने फक्त घरघर वाढते.

रिव्हर्ब शेवटी. स्पीकरवर खोलीचा घुमारा आधीच असतो, तेव्हा तो जवळजवळ नको. हेडफोनवर दीड सेकंदाच्या आसपासचा, थोड्याच प्रमाणात मिसळलेला पुरतो. चालू असताना तो लक्षात येऊ नये, पण बंद केल्यावर चुकल्यासारखे वाटावे, एवढेच त्याचे प्रमाण.

तपासणी: डाव्या हाताची जलद साथ वाजवावी. प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत नसेल तर रिव्हर्ब कमी करावा, व्हेलॉसिटीला हात लावू नये.

९. जतन

प्रीसेट नव्या नावाने जतन करावा आणि नावात उपकरण लिहावे: ‘हेडफोन रियाज’, ‘स्पीकर पेटीसह’. स्पर्शाची वक्ररेषा ही आपल्या की-बोर्डची आहे, आवाजाची नव्हे. परंतु दुसरा प्रीसेट उघडला की ती त्या प्रीसेटच्या रेषेने पुसली जाऊ शकते. पियानोटेकमध्ये ‘फ्रीझ’ या सोयीने ती स्थिर ठेवता येते. ही सोय नसेल तर रेषेचे बिंदू वहीत उतरवून ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी, कान ताजे असताना, तिसऱ्या टप्प्यात खूण केलेल्या पातळीवर तीच चाल पुन्हा वाजवावी. काही खटकले तर ज्या टप्प्याशी ते संबंधित आहे तेथे परत जाऊन, एका वेळी एकच बटण बदलावे आणि नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी, तारखेसह लिहावा.